पटक्याचा आडोसा

मामा चपला हातात घेऊन दाराबाहेर जाऊन उभे राहिले, आणि त्याच क्षणी माझी लेक बानू पलंगावर उठून बसली.

"आबा कुठं?"

"बाहेर हायेत. तू नीज."

"मी पण बाहेर."

सांगलीच्या एस.टी. स्टँडमागं एका लॉजच्या वरच्या मजल्यावरची ती खोली. एक लोखंडी पलंग, एक खिडकी, दाराशेजारी कपडे अडकवायची खुंटी, कोपऱ्यात मोरी. वनरक्षकाच्या भरतीला आलेल्या पोरी आणि त्यांची माणसं यांनी गावातली सगळी लॉज भरून गेली होती. मॅनेजरनं किल्ली देतानाच सांगितलं होतं, "एकच खोली आहे, एकच कॉट आहे. चालेल का बघा." मामा म्हणाले, "चालवू." माळावर ज्यांनी उभा जन्म पालात काढला त्यांना चार भिंती अपुऱ्या पडतील असं त्यांना वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. पडल्या मात्र.

मामा म्हणजे माझे सासरे, धुळाप्पा. आमच्या धनगरांत सासऱ्याला मामाच म्हणतात; बानूचे ते आबा. सासूबाई बानूच्या जन्माआधीच गेल्या. नवरा, बिरा, मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेला. मामांचे गुडघे धरले तेव्हापासून ते मागं घरीच राहायचे. आटपाडीकडच्या आमच्या घरात आम्ही तिघं, पण ते ओसरीवर निजायचे आणि मी आत, त्यामुळं कुणाला कुणाची अडचण नव्हती. सासऱ्यासमोर सुनेनं अंग टाकायचं नाही, हे मला कुणी बसवून शिकवलेलं नव्हतं. ते अंगातच होतं, जसं उन्हात गेलं की डोळे आपोआप बारीक होतात. मामांचंही तसंच एक होतं. सुनेसमोर त्यांचं डोकं कधी उघडं नसे. तांबडा पटका, कान झाकून, कपाळावर ओढून बांधलेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तो उतरलेला पाहिला नव्हता.

आणि बानूला निजायला माझा कान लागायचा. दूध तोडलं तेव्हा तिनं कान धरला. मी तिच्याशेजारी आडवी झाले की तिची दोन बोटं माझ्या पाळीवर यायची, कुरवाळत राहायची, आणि कुरवाळता कुरवाळता कधीतरी थांबायची. थांबली की समजायचं, गेली. मी आडवी नसेन तर कान तिच्या हाती लागायचा नाही, आणि कान नसेल तर झोप नाही.

म्हणून मामा बाहेर उभे होते.

बानू पलंगावरून उतरली, दाराशी गेली आणि तळहातानं दार बडवू लागली. मामांनी दार उघडून डोकं आत घातलं. मी ताडकन उठून बसले, पदर डोक्यावर घेतला. बानू खुशीत टाळ्या पिटत आबांच्या पायाला बिलगली.

"पोरी, हिला घे आत," मामा म्हणाले आणि पुन्हा बाहेर गेले. मी आडवी झाले. बानूनं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं. ती पळाली, दार बडवलं. मामा आत, मी उठून बसले. मामा बाहेर, मी आडवी. मग तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमणार? आम्ही दोघं तिच्या हातातली बाहुली झालो. एक दोरी ओढली की आबा आत येतात, दुसरी ओढली की आई उठून बसते. दर खेपेला तिचं हसू वाढत होतं आणि डोळ्यांतली झोप उडत होती.

दाराबाहेर मॅनेजरचा आवाज आला. "काका, असे बाहेर का उभे? काही अडचण?"

"अडचण काय न्हाई. आत लेकरू निजतंय."

"मग आत जाऊन बसा की."

"आत गेलो की उठतंय."

"मग खाली येऊन बसा, बाकडं आहे."

"खाली गेलो की ते बी खाली येतंय."

 जिन्यावरून मॅनेजरच्या चपलांचा आवाज खाली उतरत गेला.

मला हसू येत होतं, पण ते ओठाशीच विरत होतं. खिडकीबाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं. पहाटे अंधारात मला गावाबाहेरच्या नाक्यावर पोचायचं होतं. लेखी परीक्षा झाली होती, आता चालण्याची राहिली होती. लांबचा पल्ला, ठरलेल्या वेळात जाऊन परत. बानू झोपली नाही तर मी झोपणार नाही, आणि मी झोपले नाही तर पाय उचलणार नाहीत. बरं, ही एका रात्रीची गोष्ट असती तर गोष्ट वेगळी. नोकरी लागली तर प्रशिक्षणाला कित्येक महिने बाहेर राहायचं होतं, लेकराला नेता येणार नव्हतं. ती आबांपाशीच निजणार. आज इथं निजली नाही, तर उद्याच्या त्या चालण्याला काय अर्थ?

शिवाय दुपारी एक बोलणं झालं होतं, ते माझ्या मनात काट्यासारखं सलत होतं.

दुपारी आम्ही फडकं सोडून भाकरी खाल्ली. बानू पलंगाखाली शिरून कांद्याच्या पाकळ्या मांडत होती. मामा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "नोकरी लागली तर कुठं घालतील तुला?"

"कुठंबी घालतील, मामा. जंगल असंल तिथं."

"रोपं लावलेल्या रानात?"

"तिथं बी."

"तिथं मेंढरं शिरू देत न्हाईत."

"न्हाई देत."

मामांना हे माझ्याकडून कळायची गरज नव्हती. उभं आयुष्य त्यांनी जंगलखात्याच्या माणसांच्या हाका ऐकल्या होत्या. मेंढरं टेकली न टेकली तोवर उठवलेले तळ, गारठ्यात कोकरं खांद्यावर घेऊन पुन्हा धरलेली वाट. खाकी कपडा लांबून दिसला की त्यांची मान आपोआप खाली जायची, हे बिरा मला हसत सांगायचा. अर्जावर माझं नाव घालणारा बिराच. मामांनी तेव्हा होही म्हटलं नाही आणि नाहीही. "लेकराला कोण बघणार?" एवढंच विचारलं, आणि उत्तर न ऐकताच म्हणाले, "मी येतो संगं."

"आमची मेंढरं शिरली तर?" त्यांनी विचारलं.

त्यांना बरं वाटेल असं उत्तर मला ठाऊक होतं. सहज देता आलं असतं. पण ते अगदी साधेपणानं विचारत होते, पाऊस येईल का असं विचारावं तसं. माझी नजर वर गेली आणि त्यांच्या तोंडावर जाऊन थांबली. एरवी ती त्यांच्या पायांशीच असायची.

"आडवावी लागतील."

"माझी?"

"तुमची बी, मामा."

त्यांनी तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला. उठून मोरीत हात धुतला.  मी फडकं आवरलं आणि मनात म्हटलं, संपलं. उद्या पाय चालले तरी हे चालणं आता एकटीचं.

दिवेलागणीला बानू पार बिथरली. डोळे चोळायची, हसायची, मध्येच रडायची, दाराकडं धावायची. मामा आत आले ते या खेपेला बाहेर गेले नाहीत. दार लावून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. खिडकीकडं पाहिलं, खुंटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "मायाक्का, तोंड भिंतीकडं कर."

मला कळलं नाही. पण ते मला नावानं क्वचित हाक मारायचे, म्हणून मी काही न विचारता वळले. पाठीमागं कापडाचा सरसर आवाज आला. खूप वेळ येत राहिला. पटका केवढा लांब असतो हे मी त्या दिवशी कानांनी पाहिलं.

"आता बघ."

मी वळले. खोलीच्या मधून तांबडं कापड आडवं गेलं होतं. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराजवळच्या खुंटीला. दिवा त्यांच्या बाजूला होता, म्हणून माझी बाजू पिकल्या डाळिंबाच्या आतल्यासारखी दिसत होती. पलीकडं मामांची सावली भिंतीला टेकून खाली बसत होती. त्या सावलीचं डोकं नेहमीपेक्षा लहान होतं.

"पड आता," पलीकडून आवाज आला. "मला काय दिसत न्हाई."

मी पडले. पाय लांब केले. सासऱ्यांचा श्वास ऐकू येतोय अशा ठिकाणी मी जन्मात पहिल्यांदा अंग टाकलं. कानातली कुडी काढून उशाला ठेवली. बानू आली, कान धरला. मी डोळे मिटले. दोन बोटं फिरली, थांबली, आणि मग तिच्या लक्षात आलं की या खोलीत आता लपंडावाचा आणखी चांगला खेळ मांडलाय. कापड उचलून ती पलीकडं गेली.



"आबाला डोकं," बानू म्हणाली.

"व्हय. सगळ्यांना असतं."

"केस न्हाईत."

"हळू बोल. आईला सांगू नको."

मी पदर तोंडात धरला.

"आबाला कान बी हाय," बानू म्हणाली. तिच्या आवाजात असा काही अचंबा होता की, जणू तिला घराच्या मागं नवी खोली सापडली. खरंच होतं ते. तिच्या एवढ्याशा आयुष्यात तिनं आबांचे कान पाहिलेच नव्हते. पटका म्हणजेच आबांचं डोकं, असंच तिनं धरलं असणार.

"इथं भोक हाय."

"बाळी होती तिथं."

"कुठं गेली?"

"तुझ्या आजीला दिली."

"आजी कुठं?"

"निजली. तू बी नीज."

"कान दे."

 कापडावरची मोठी सावली हळूहळू एका बाजूला कलली आणि लहान सावलीच्या हाताशी जाऊन टेकली. गुडघे धरलेला माणूस, मान वाकडी करून भिंतीला टेकलेला. कोकराला आईखाली लावताना मेंढपाळ असाच वाकतो, आपलं अंग मध्ये येऊ न देता.

मग ते गायला लागले. गाणं म्हणायचं तर बिरोबाच्या जागराला ढोलावर त्यांचा आवाज मी लांबून ऐकला होता, डोंगरावर आपटून परत येणारा. हा तो आवाज नव्हता. हा घोंगडीच्या आतला होता.

*नीज नीज बानूबाई, मेंढ्या बसल्या तळाला,*
*कोकराचं नाक लागं आईच्या गळ्याला.*

*आई जाती डोंगराला, डोंगराच्या राखणीला,*
*सावली गं चालू दे तिच्या संगं सोबतीला.*

माझे डोळे उघडले. कापडाच्या सुरकुत्यांतून उजेड झिरपत होता. बानूचा श्वास मला पाठ होता. आधी भरभर, मग एक मोठा उसासा, मग लांब आणि सपाट. तो उसासा आला. ती गेली, हे मला पलीकडून कळलं. तिला कुशीत धरून बसलेल्या माणसाला तर कळलंच असणार.

पण मामा थांबले नाहीत. आवाज तेवढाच, जराही उतरला नाही.

*मेंढ्या तुझ्या आडवीन, म्हणती माझी सून,*
*खोटं न्हाई बोलली गं, तोंडाकडं बघून.*

मी हलले नाही. हलले असते तर पलंग वाजला असता. दुपारपासून सलणारा तो काटा कधी निघाला, मला कळलंही नाही. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, तेही पुसलं नाही. पापण्या जड झाल्या. हातपाय कुणीतरी एक एक करून माझ्याकडून काढून घेत होतं. पुढची ओवी सुरू झालेली मी ऐकली.

*मेंढ्या मीच वळवीन, तिनं हाक द्यायाआधी…*

त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. मी झोपले होते.

पहाटे जाग आली तेव्हा कापड तसंच होतं. दिवा विझवलेला, खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा फिकट उजेड. पलीकडची सावली पुसट होती, पण तीच: भिंतीला टेकलेली, मान एका बाजूला. मी बूट हातात घेतले.

"मामा, येते मी."

"दार हळू ओढ. कडी वाजती." आवाज जागा होता. "आणि चालताना मागं बघू नको."

चालण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धुक्यातला डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, पुढं-मागं पोरी. कुणी बसल्या, कुणाला चमक भरली. माझे पाय आपले चालत राहिले. रात्री झोपलेले पाय होते ते. परतीच्या वाटेवर ऊन पाठीवर आलं, तेव्हा मला एवढंच वाटलं की बानू आता उठली असेल, आणि उठून रडली असेल.

लॉजच्या खालच्या बाकड्यावर दोघं बसले होते. बानूच्या हातात बिस्किट, मांडीवर बिस्किटाचा चुरा. मामांच्या डोक्यावर पटका पुन्हा बांधलेला होता. फक्त उजव्या बाजूला तो वर सरकवलेला, कान बाहेर. पाळी लाल झाली होती आणि तिच्यावर बारक्या नखांच्या चंद्रकोरी उठल्या होत्या.

"झालीस पास?" त्यांनी विचारलं.

"वेळेत आले. बानू रडली?"

"तू रडलीस?"

"न्हाई."

"मग ती बी न्हाई."

मी प्रशिक्षणाला गेले. सुट्टीला घरी यायचे तेव्हा बानू दोन-तीन रात्री माझा कान धरायची, मग उठून ओसरीवर जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा मला वाईट वाटलं. मामांनी मात्र तो पटका त्यानंतर कधी पूर्ववत बांधला नाही. उजवा कान बाहेरच. पारावरची माणसं चेष्टा करायची, "धुळाप्पा, पटका असा काय गबाळ्यावाणी?" तर म्हणायचे, "कान भाड्यानं दिलाय. भाडेकरू रात्री येतो."

माझी नेमणूक पश्चिमेकडच्या डोंगरात झाली. बानू शाळेच्या वयाची झाल्यावर मी तिला माझ्याकडं आणलं. दर दिवाळीच्या सुट्टीत मात्र ती आबांकडं जायची. एका साली मामांचे गुडघे थोडे सुधारले, आणि हट्टानं ते मेंढरांबरोबर निघाले होते. थोडं चालत, थोडं घोड्यावर. बानू त्यांच्यासोबत होती. कोकणात उतरायची वाट माझ्याच भागातून जाते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्याबद्दल बोललं नव्हतं.

त्या दिवशी मी नव्या रोपवनाच्या कडेला उभी होते. गुडघ्याएवढी रोपं, भोवती चर खणलेला, आणि चराच्या आत उतारावर कोवळं गवत माजलेलं. आधी घंटा ऐकू आल्या, मग धूळ दिसली. मेंढरांना गवताचा वास लागला होता आणि पुढची मेंढरं चराकडं तिरकी होऊ लागली होती. कळपापुढं मामा होते, खांद्यावर काठी. पार मागं घोड्याच्या दोरीला धरून बिरा, आणि घोड्यावर, भांड्यांच्या बोचक्यांत, बानू.

माझ्या अंगावर खाकी होती. हाक मारायला मी श्वास घेतला. 

मामांनी मान वर करून पाहिलं. मला पाहिलं, कपड्याला पाहिलं, चराला पाहिलं. मग काठी आडवी धरून त्यांनी जिभेनं टिचकी दिली, एकदा, दोनदा. पुढचा मेंढा थबकला आणि वळला. त्याच्यामागं सगळा कळप वळला, पाणी वळावं तसा, उताराच्या खालून, दगडांच्या वाटेनं, जिथं चरायला काही नव्हतं. घेतलेला श्वास मी तसाच सोडून दिला.

बिरा जवळून जाताना थट्टेनं म्हणाला, "बाई, तुम्ही काय बोलायच्या आधीच म्हाताऱ्यानं निकाल लावला की." आणि हसला. त्यानं बानूला खाली उतरवलं. ती धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. तिच्या केसांना लोकरीचा वास येत होता.

"बानू," मी विचारलं, "आबा निजवताना ती ओवी म्हणायचे ना गं, मेंढ्या मीच वळवीन?"

तिनं माझ्या पट्ट्याचं बक्कल बोटांत धरलं होतं. त्याच्याशी खेळत, वर न बघता, पाढा म्हणावा तशी ती म्हणाली, "मेंढ्या मीच वळवीन, तिनं हाक द्यायाआधी. माझ्यापायी मान तिची खाली होऊ नये कधी." मग बक्कल सोडून म्हणाली, "रोज म्हणायचे. तुला म्हाईत न्हाई?"

"पुढचं येईपर्यंत मला झोप लागली होती."

मामा खाली दगडांच्या वाटेला लागले होते. त्यांनी मागं पाहिलं नाही. तांबड्या पटक्याखालून उजवा कान तेवढा लांबूनही दिसत होता. मेंढरांची धूळ खाली बसेपर्यंत मी चराच्या कडेला मान वर करून उभी राहिले.